फडक्यातला ग्रह

तारांगणात बाईंचा कार्यक्रम असला की तिकीटखिडकीवर जागा संपल्याची पाटी सकाळीच लागायची. शाळकरी मुलं त्यांना 'ताऱ्यांच्या बाई' म्हणत आणि मुलांचं ऐकून मोठेही तेच म्हणायला लागले होते. घुमटाखालचे दिवे मालवले, वर आकाश उजळलं आणि बाईंचा आवाज आला की रडणारी पोरंसुद्धा गप्प बसत. अवघड गोष्ट सोपी करून सांगण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

ही कला त्यांना सरांनी शिकवली होती. सर म्हणजे तारांगणातले जुने व्याख्याते. बाईंनी आपलं संशोधन अर्ध्यावर सोडलं, प्रबंध काही हातून पुरा होईना, तेव्हा सरांनीच त्यांना इथे आणलं. 'लोक माहिती विसरतात, हसलेलं विसरत नाहीत,' असं सर म्हणायचे. सर गेले तेव्हा त्यांच्या बऱ्याच गोष्टी बाईंकडे आल्या. त्यातलीच एक भिंगवाल्यांची.

दूरच्या ताऱ्यांभोवतीचे ग्रह कसे शोधतात हे सांगून झालं, लोक जरा पेंगायला लागले, की बाई आवाज बदलत. "एक होते भिंगवाले काका. डोंगरावरच्या वेधशाळेत मोठी दुर्बीण आणि तिच्या मागे काका. वर्षानुवर्षं एकाच ताऱ्याचे फोटो! शेवटी काका ओरडले, तारा डुलतोय! म्हणजे त्याला ओढणारा ग्रह आहे! पेपरात फोटो, गळ्यात हार. आणि मग एका हुशार मुलीनं काकांना पकडलं. तारा जागच्या जागी होता. दर काही वर्षांनी दुर्बिणीचं भिंग काढून पुसायचे आणि परत बसवताना ते बसायचं तिरकं. हलत होतं ते भिंग! मग इतकी वर्षं ग्रह होता कुठे?" इथे बाई थांबत. सगळा घुमट वाट बघत असे. "ग्रह होता पुसायच्या फडक्यात!"

हशा असा पिकायचा की वरचं आकाश थरथरल्यासारखं वाटे. बाई त्या माणसाचं नाव कधी घेत नसत. कशाला नाव घेऊन कुणाची अब्रू काढा, असा त्यांचा विचार. आपला हा मोठेपणा त्यांना थोडासा आवडतही असे. तो माणूस कुठेतरी जिवंत असेल, हे मात्र त्यांच्या मनातही आलं नव्हतं. जुन्या गोष्टीतली माणसं मेलेलीच असतात, असं आपण धरून चालतो.

त्या रविवारी दुपारच्या खेळाला पहिल्या रांगेत एक मुलगी बसली होती. दोन वेण्या, दात थोडे पुढे. फडक्याचा विनोद झाला तेव्हा तिचं हसू सगळ्यांत शेवटी थांबलं. शेजारी तिचे आजोबा होते, तेही हसत होते. प्रश्नांची वेळ आली तेव्हा पहिला हात तिचाच वर झाला.

"त्या काकांचं पुढे काय झालं?"

हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. बाईंना उत्तर ठाऊक नव्हतं, पण घुमटाखाली 'माहीत नाही' म्हणायची सवय त्यांना राहिली नव्हती.

"काय होणार?" त्या म्हणाल्या. "चष्म्याचं दुकान टाकलं असेल! आधी स्वतःचा चष्मा पुसून!"

पुन्हा हशा. मुलगी तर खुर्चीतून घसरायची बाकी होती.

बाहेरच्या दालनात ती बाईंबरोबर फोटो काढायला आली. आजोबांनी फोन धरला, पण बोट नीट पडेना, म्हणून दोनदा फोटो काढावा लागला. ताठ, उंच माणूस, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली.

"आवडला का कार्यक्रम आजोबांना?" बाईंनी नेहमीच्या सुरात विचारलं.

"छान बोलता तुम्ही," ते म्हणाले. मग नात चपला शोधायला पुढे पळाली तशी आवाज खाली आणून म्हणाले, "एकच दुरुस्ती. चष्म्याचं दुकान नाही टाकलं. शाळेत भूगोल शिकवला. निवृत्त होईपर्यंत शिकवला."

एवढं बोलून त्यांनी मान किंचित लववली आणि ते नातीच्या मागे गेले. त्यात टोमणा नव्हता. वर्गात फळ्यावरची चूक पुसून बरोबर शब्द लिहावा, तसं ते बोलले होते.

बाईंना समजायला क्षणभर वेळ लागला. मग कानांच्या पाळ्यांपासून गळ्यापर्यंत ऊन ऊन झालं. दालनात माणसं होती, कुणी हात मिळवत होतं, कुणी 'फडकं भारी होतं हं' म्हणत होतं आणि बाई हसऱ्या चेहऱ्यानं उभ्या होत्या, कारण चेहरा दुसरं काही करायला तयार नव्हता. पुढच्या खेळाला त्यांनी डोकं दुखत असल्याचं सांगितलं आणि मागच्या दारानं घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मॅडमना फोन केला. गोष्टीतली 'हुशार मुलगी' ती याच. आता निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झालेल्या, ऐकायला कमी येणाऱ्या, पण या क्षेत्रात अजूनही ज्यांना सगळे नुसतं मॅडम म्हणत.

"मी पकडलं?" मॅडम फोनवर जवळजवळ ओरडल्याच. "अगं, मी कसली पकडते! त्यानंच मला फोन केला. म्हणाला, माझा ग्रह बहुतेक मरतोय, तुझ्याकडच्या ताऱ्याच्या फोटोंच्या प्लेटा मोजून खात्री करून दे. मी मोजल्या. नव्हता ग्रह. मग तो भर सभेत उभा राहिला आणि म्हणाला, मी चुकलो, माझं ते निष्कर्षाचं पान फाडून टाका. त्याच्याआधी कुणाला शंकासुद्धा आली नव्हती."

बाईंनी फोन कानाला आणखी घट्ट लावला.

"आहेस ना?"

"आहे. सरांनी मला तसंच सांगितलं होतं, मॅडम. की तुम्ही पकडलंत."

"सरांनी फडकं सांगितलं होतं?"

"नाही," बाई म्हणाल्या. "फडकं माझं."

मग मॅडमचा आवाज उतरला. "मी तुझा तो कार्यक्रम बघितलाय गं. पुतण्या घेऊन आला होता. तेव्हाच सांगायला हवं होतं मी तुला. पण सगळे वळून माझ्याकडे बघत होते, टाळ्या वाजवत होते. या वयात कोण आपल्याला हुशार मुलगी म्हणतं? बसले ऐकत." आणि मग, "पत्ता घे त्याचा. पण माझं नाव सांगू नकोस. नाही, सांग. सांगच."

बाई लगेच गेल्या नाहीत. आधी चूक जिथे केली तिथे दुरुस्त करावी, असं त्यांनी स्वतःला पटवलं. खरं म्हणजे त्या दारात उभं राहायची हिंमत होत नव्हती.

पुढच्या कार्यक्रमात, फडक्याच्या जागी, त्यांनी सगळं सांगितलं. मी इतके दिवस तुम्हाला चुकीची गोष्ट सांगत होते. त्या माणसानं आपली चूक आपणच शोधली. मी मात्र खात्री न करता त्याची टिंगल केली आणि तो इथे, तुमच्यासारखाच, समोर बसून ती ऐकत होता. बोलता बोलता त्यांचा गळा दाटला. तो खराच दाटला होता. पण दाटलेल्या गळ्यानं वाक्य कुठे तोडावं, हे त्यांच्या जिभेला न सांगता कळत होतं. शेवटचं वाक्य संपलं आणि अंधारात टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढच्या रांगेत एक बाई डोळे पुसत होत्या.

संचालक धावतच आत आले. "काय बोललात! अंगावर काटा आला. हे कायमचं ठेवा आता."

माफीचासुद्धा खेळ झाला होता, आणि तो फडक्यापेक्षा जास्त रंगला होता.

तेव्हा कुठे त्या गेल्या.

तिसऱ्या मजल्यावरचं घर. दार सुनेनं उघडलं. बाईंना बघून तिनं ओळखलं आणि ओळखल्याचं दाखवलंही, पण 'या' म्हणायला वेळ लावला. आत स्वयंपाकघरात, ओट्याला लागून असलेल्या टेबलाशी आजोबा शेंगा सोलत बसले होते.

"बसा," ते म्हणाले. "तुमचं ते माफीचं भाषण सूनबाईनं दाखवलं फोनवर. टाळ्या चांगल्या पडल्या."

बाईंनी येताना मनात जुळवलेली सगळी वाक्यं तिथेच गळून पडली. "मला माफ करा," एवढंच त्या म्हणाल्या. आणि हे वाक्य इतकं लहान निघालं, की ते टेबलावरून पलीकडे पोचलं की नाही तेही कळेना.

आजोबांनी आणखी दोन शेंगा सोलल्या. "विनोदाचं मला काही वाटलं नाही. आम्ही तरुणपणी दुसऱ्यांना कमी हसलो नाही. वेधशाळेतल्या एकाला तर आम्ही 'ढगवाला' म्हणायचो, त्यानं दुर्बीण हातात घेतली की ढग यायचे म्हणून. बिचारा चिडायचा. मला त्रास झाला तो वेगळ्याच गोष्टीचा. माझी नात टिकली हसायला लागली, माझ्याकडे बघून हसायला लागली, आणि मीपण हसलो. तिला कळू नये म्हणून. चांगला मोठ्यानं हसलो."

"आणि आता तिला कळलंय," सून ओट्यापाशी उभी राहून म्हणाली. ती वळली नव्हती, कपबशा उगाचच परत विसळत होती. "तुमचं भाषण शाळेत सगळ्यांनी बघितलं. टिकलीनं घरी येऊन 'तो माणूस कोण?' म्हणून विचारलं आणि यांनी सांगून टाकलं. तेव्हापासून ना धड जेवते ना यांच्याशी बोलते. आपण आबांना हसलो म्हणून स्वतःवरच चिडलीये की काय कोण जाणे. त्याआधी रोज दोघांची गच्चीवर बडबड चालायची."

"मी बोलू तिच्याशी?" बाईंनी विचारलं.

"बोला. तुमच्याशी तरी बोलते का बघा."

टिकली आली ती दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. आत यायला तयार नव्हती. त्या दिवशीची वेण्यांवाली, खुर्चीतून घसरणारी मुलगी हीच, हे पटायला अवघड होतं.

बाईंनी सांगायला सुरुवात केली. भिंग, प्लेटा, सभा. त्यांचे हात आपोआप उठत होते, ते त्यांनी मांडीखाली दाबून धरले. आवाज चढायला लागला की त्या अडखळायच्या. हजार माणसांपुढे न चुकणाऱ्या बाई एका पोरीपुढे वाक्यं अर्धी सोडत होत्या. सांगून झालं तेव्हा त्यांचं त्यांनाच कळलं, की आजवर इतकं वाईट आपण कधी सांगितलं नव्हतं.

टिकलीनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुम्हाला माहीत नव्हतं ना काय झालं ते?"

"नव्हतं."

"मग 'असं झालं' असं का म्हणालात? 'मला माहीत नाही' म्हणायचं होतं."

"लोक हसायचे म्हणून," बाई म्हणाल्या. "मला ते आवडायचं म्हणून." याहून बरं कारण त्यांनी शोधून पाहिलं. सापडलं नाही.

टिकली आजोबांकडे वळली. "आणि आबा, तू का हसलास?"

शेंगांची टरफलं गोळा करणारा हात थांबला. सूनही कपबशा ठेवून वळली.

"सांगतो," आबा म्हणाले. "पण मग सगळंच सांगावं लागेल. बस."

ती बसली.

"पहिल्या ताऱ्याचा ग्रह जाहीर झाला होता. माझं कौतुक चाललेलं. मला वाटलं, आणखी एक सापडला तर काय बहार येईल. म्हणून दुसरा एक तारा घेतला, तसाच लालसर. त्याच्या जुन्या प्लेटा काढल्या. काचेच्या असतात त्या, त्यांच्यावर तारा म्हणजे एक काळा ठिपका. मायक्रोस्कोपखाली ठेवायची, ठिपक्याच्या मध्यावर बारीक तार आणायची, आकडा घ्यायचा, पुढची प्लेट. डोळे चुरचुरायचे. सगळे आकडे कागदावर मांडले आणि काय सांगू टिकले, हाही डुलत होता! मी हवेतच होतो. तसाच जेवायला गेलो. हात धुताना एकदम डोक्यात आलं, की हा ज्या वर्षी जसा सरकलाय, त्याच वर्षी पहिलाही तसाच सरकला होता. आकाशात एकमेकांपासून इतके लांब असलेले दोन तारे. त्यांनी ठरवून एकाच वर्षी एकाच अंगाला का सरकावं? ते दोघे नव्हते सरकले. इथे खाली काहीतरी सरकलं होतं. आणि त्या त्या वर्षी भिंग पुसलं होतं, पुसताना मी स्वतः हजर होतो."

"मग तू लगेच सांगितलंस ना?" टिकलीनं विचारलं. तिच्या आवाजात पहिल्यांदाच आशा होती.

आबांनी तिच्याकडे बघितलं. मग बाईंकडे. मग टेबलाकडे.

"नाही," ते म्हणाले. "हे मॅडमलासुद्धा माहीत नाही. मी गप्प बसलो. बरेच दिवस. त्याच दिवसांत वेधशाळा बघायला गावातली माणसं आली होती, बायकापोरं घेऊन. त्यांना ग्रहाबद्दल सांगायचं काम माझ्याकडे आलं. आणि मी सांगितलं. तो ग्रह नाही हे मला माहीत होतं, तरी केवढा आहे, किती थंड आहे, तिथून आपला सूर्य कसा दिसेल, सगळं सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका लहान मुलानं विचारलं, तिथे कुणी राहतं का? मी म्हणालो, असेल."

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी चालू करत होतं, ती चालू होत नव्हती.

"चुकल्याची मला लाज नाही वाटत," आबा म्हणाले. "चुकतो माणूस, मोजणाऱ्याचं काम आहे ते. पण त्या भाषणानंतर मला दुर्बिणीजवळ जावंसं वाटेना. मॅडमला फोन केला, सभेत उभा राहिलो, सगळं रीतसर केलं. लोक म्हणाले, किती प्रामाणिक! ते शब्द ऐकले की मला आणखी मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. म्हणून सोडलं ते काम. तुमच्या विनोदाला मी हसलो, बाई, कारण एका अर्थी मला वाटलं, बरं झालं. हे मला लागूच आहे."

बाई ऐकत होत्या. आणि ऐकता ऐकता, त्यांच्या नकळत, आतून कुणीतरी म्हणालं: हे घुमटाखाली काय रंगेल! ते मूल, तो प्रश्न, 'असेल' म्हणून थांबायचं. पुढच्याच क्षणी त्यांना स्वतःची इतकी किळस आली, की त्यांनी मान खाली घातली. पण आबांनी बघितलं होतं. आयुष्यभर त्यांनी केसाएवढ्या हालचाली मोजल्या होत्या.

"हे तिथे सांगायचं नाही," ते म्हणाले.

"नाही सांगणार."

टिकली उठली. तिनं काही आजोबांना मिठी वगैरे मारली नाही. टरफलांचा ढीग जवळ ओढला, उरलेल्या शेंगा मधे घेतल्या आणि सोलायला लागली. थोड्या वेळानं म्हणाली, "पण दुसरा तारा तू घेतलास म्हणून कळलं ना. नसता घेतलास तर कळलंच नसतं."

"हावरटपणानं घेतला होता गं."

"घेतलास ना पण," ती म्हणाली.

सुनेनं बाईंपुढे चहा ठेवला. बोलली काही नाही, पण साखर हवी तेवढी घ्या म्हणून डबा पुढे सरकवला.

बाईंनी शब्द पाळला; ते लहान मूल आणि ते 'असेल' घुमटाखाली कधी आलं नाही. संचालकांनी पुष्कळ सांगून पाहिलं, तरी गहिवराचं भाषण त्यांनी परत केलं नाही. आता त्या साध्या चार वाक्यांत सांगतात: एका संशोधकाला ग्रह सापडल्यासारखं वाटलं, त्यानंच दुसरा तारा मोजला, चूक भिंगाची निघाली, त्यानं ती जाहीर केली. लोक हसत नाहीत. कुणी खोकतं, कुणी पाण्याची बाटली उघडतं. फडक्याच्या विनोदाची जुनी चित्रफीत त्यांनी तारांगणाकडून काढून टाकायला लावली, पण ती कुणाकुणाच्या फोनवर फिरतच राहिली आहे. अजून रस्त्यात कुणी ओळखून म्हणतं, 'बाई, फडकं!' आणि त्यांचे कान तापतात. आबांना त्यांनी एकदा तारांगणात बोलायला बोलावलं होतं. त्यांनी नको म्हणून कळवलं. मॅडमचं पत्र मात्र त्यांना गेलं म्हणे. त्यात काय होतं ते बाईंनी विचारलं नाही.

पुढे एकदा एका शाळेची सहल आली. दिवे मालवले होते, म्हणून कोण कुठे बसलंय ते दिसत नव्हतं. बाई त्या चार वाक्यांपाशी आल्या आणि मधल्या रांगेतून एक ओळखीचा आवाज कुजबुजला, पण इतका मोठ्यानं की सगळ्यांना ऐकू गेला.

"हे माझे आबा."

"म्हणजे? तुझे आबा चुकले होते?" शेजारच्या मुलीनं विचारलं.

"हो, चुकले होते." माझे आबा उंच आहेत, असं सांगावं तितक्या सहजपणे टिकली म्हणाली.

बाईंचं पुढचं वाक्य तोंडातच राहिलं. घुमटावरचे तारे संथपणे सरकत होते, यंत्र आपलं काम करत होतं, पण बाईंना शब्द सापडत नव्हता. मुलांना वाटलं, हाही कार्यक्रमाचाच भाग असेल, म्हणून ती वर बघत शांत बसून राहिली.